नवीन वस्तू आली की चार दिवस भारी वाटतं, मग पुढची शोधायला लागतो

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील काढून:

वय चाळीसच्या आसपास, हिशेबाच्या खात्यात नोकरी, घरी बायको आणि आठवीतली मुलगी. काही वर्षांपूर्वीपर्यंत यांना गॅजेट्समधलं काहीच कळत नव्हतं, फोन बिघडला की दुकानदार देईल तो घ्यायचा. मग कोणीतरी वायरलेस इअरबड्स भेट दिले आणि तिथून सुरू झालं. त्याहून चांगले इअरबड्स, मग स्मार्टवॉच, मग दुसरं स्मार्टवॉच कारण पहिल्याची बॅटरी एकच दिवस टिकायची, मेकॅनिकल कीबोर्ड, ई-रीडर, ॲक्शन कॅमेरा, पॉवर बँका, रंग बदलणारे बल्ब. मधल्या काळात घरातला रडतखडत चालणारा लॅपटॉप त्यांनी स्वतः उघडून त्यात एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारा, माहिती साठवायचा वेगवान भाग) बसवला आणि तो मुलीला अभ्यासाला दिला. आता ऑफिसातले लोक काही घ्यायचं असलं की यांना विचारतात. पण गेलं वर्षभर पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर मागवायला लागलेत. बायकोने एकदा सहज विचारलं, "असं आपल्याकडे आधीच होतं ना?" तर हे तिच्यावर चिडले आणि नंतर स्वतःचंच वाईट वाटलं. तिला खर्चाचा राग आहे असं यांना वाटतं, आणि मुलगी पण हेच शिकेल अशी काळजी आहे. त्यांचं म्हणणं असं: "ताई, कर्ज नाहीये, घरखर्चाला हात लावलेला नाही. पण ड्रॉवर भरलाय आणि रात्री झोपायच्या आधी रिव्ह्यू बघितल्याशिवाय झोप येत नाही. हे व्यसन आहे का? सगळं एकदम बंद करू का? आणि सध्या फोल्डेबल, म्हणजे घडी घालता येणारा फोन घ्यायचं मनात आहे, तो घेऊ की नको तेही सांगा."

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट दिसली ती आधी सांगते, कारण मला वाटतं उत्तर बरंचसं तिथेच आहे. ॲक्शन कॅमेऱ्याबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहिलीये. दुसऱ्या घड्याळाबद्दल एक ओळ. आणि त्या जुन्या लॅपटॉपबद्दल अख्खा परिच्छेद, म्हणजे मागचं कव्हर उघडताना एक स्क्रू कसा फिरत नव्हता, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर सुरू व्हायला किती कमी वेळ लागला, मुलगी शेजारी बसून काय काय विचारत होती, सगळं सगळं. सगळ्या वस्तूंमध्ये ती एकच अशी होती जी तुम्ही नवीन आणलीच नव्हती, फक्त एक सुटा भाग घेतला होता, आणि पत्रातला सगळा आनंद तिथे आहे.

तुम्ही विचारता की हे व्यसन आहे का. मला वेगळं दिसतंय, तुम्हाला वस्तू कशी चालते हे समजून घ्यायची आवड लागलीये, ती उशिरा लागली म्हणून जोरात लागली, आणि ती भागवायचा सगळ्यात सोपा रस्ता खरेदीचा होता म्हणून तुम्ही तो धरलात. एसएसडी बसवल्यावर लॅपटॉप पळायला लागला कारण जुन्या डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते आणि प्रत्येक लहानशा फाइलसाठी एक काटा हलून जागेवर जावा लागतो, एसएसडीत हलणारं काही नसतंच. हे तुम्हाला माहीत होतं म्हणून तुम्ही नवा लॅपटॉप न घेता भाग बदललात. ही समज तुमची आहे आणि ती चांगली आहे, तिला व्यसन म्हणून मोकळं होऊ नका.

पण मग नवीन वस्तू आल्यावर चार दिवसांत मजा का जाते? याचं कारण तुमच्या स्वभावातला दोष वगैरे नाहीये. 1990 च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात कामाला लागायच्या. पण रस मिळायच्या आधी एक खूण दिसते हे माकड शिकलं की त्या पेशी खूण दिसल्यावरच जोर करायच्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा फारसं काही नाही. माणसाची खरेदी इतकी साधी नसते हे मान्य, पण तुम्हीच लिहिलंय बघा, की रिव्ह्यू बघणं, दोन मॉडेलची तुलना, पार्सल कुठवर आलंय हे तपासणं यात जी धडधड असते ती खोका उघडल्यावर तासाभरात ओसरते. म्हणजे तुमचा बराचसा आनंद वस्तू हातात यायच्या आधीच झालेला असतो, आणि तो आधीचा भाग फुकट आहे! तो हवा तेवढा घ्या. पैसे जातात ते शेवटच्या बटणाला.

आता व्यसनाचं. मानसिक आजारांचं डीएसएम-5 नावाचं जे वर्गीकरण 2013 पासून वापरात आहे त्यात खरेदीचं व्यसन असा वेगळा आजार नाहीये. याचा अर्थ कोणाला त्रास होत नाही असा मुळीच नाही, काही लोकांची खरेदीपायी घरं बसतात, आणि तसं असेल तर समुपदेशकाकडे जायला लाजू नये. पण त्रास आहे की नाही हे वस्तू मोजून कळत नाही. उधारी वाढत चाललीये का, थांबायचं ठरवून पुन्हा पुन्हा मोडतंय का, मन उदास असलं की हात आपोआप फोनवरच्या कार्टकडे जातो का, आणि घरच्यांपासून लपवावं लागतंय का, हे बघायचं. तुमचं पहिलं नाही. दुसरं तिसरं तुम्ही लिहिलेलं नाही, ते स्वतःशी प्रामाणिकपणे बघा, आणि उत्तर हो आलं तर वाट न बघता कोणाशी तरी बोला. चौथं मात्र आहे.

आणि मला पत्रातली तीच गोष्ट सगळ्यात गंभीर वाटली, ड्रॉवरपेक्षाही.

तुम्ही असं धरून चालताय की बायकोला खर्चाचा राग आहे. पण तुमच्याच पत्रात ती कुठे रागावलेली दिसत नाही. तिने एक साधा प्रश्न विचारला, आणि चिडलात तुम्ही, कारण तोच प्रश्न तुम्ही स्वतःला आधीच विचारलेला होता आणि उत्तर नव्हतं. पार्सल ऑफिसला मागवायला लागल्यापासून तुमची खरेदी बिघडली असं मला वाटतं, कारण लपवलेली वस्तू घरी मोकळेपणाने वापरता येत नाही, तिच्याबद्दल बोलता येत नाही, ती ड्रॉवरमध्येच जाते, आणि मग तिच्यातून जी मजा मिळायला हवी होती ती न मिळाल्यामुळे पुढची वस्तू लवकर लागते. तेव्हा पहिलं काम हे करा की ड्रॉवर तिच्यासमोर उघडा. एक एक वस्तू काढा, काय आहे, कधी घेतली, केवढ्याला घेतली, आता वापरतो का, हे सांगा. माफीचं भाषण नको, बचाव पण नको, हिशेब तुमच्या हातचा मळ आहे तर सरळ हिशेब मांडा. ती दुखावली तर दुखावू द्या, गप्प बसली तर लगेच समजूत घालायला जाऊ नका. दोघांनी मिळून महिन्याची एक रक्कम ठरवा जी तुमच्या शौकाची, तिच्याबद्दल कोणी विचारायचं नाही, आणि तेवढीच बायकोच्याही आवडीसाठी तिची, हे विसरू नका, कारण बऱ्याच घरांत शौक एकाचा असतो आणि काटकसर दुसऱ्याची. रक्कम शिल्लक राहिली तर पुढच्या महिन्यात जोडायची. पुढच्या महिन्याची आधी उचलायची नाही, हप्त्यावर तर अजिबात नाही, बिनव्याजी म्हटलं तरी नाही, कारण हप्त्यात वस्तूची किंमत डोळ्याआड जाते आणि जुन्या वस्तूचे पैसे फिटायच्या आधी नवीन मनात भरते. आणि पार्सल इथून पुढे घरच्या पत्त्यावर.

मुलीची तुम्हाला काळजी वाटते की ती पण हेच शिकेल. ती हे शिकेलच, पण काय शिकेल ते तुमच्या हातात आहे. आत्तापर्यंत तिने बाबांना लॅपटॉप उघडून दुरुस्त करताना पण पाहिलंय आणि खोका पटकन बॅगेत घालताना पण पाहिलं असणार, मुलांना दिसतं सगळं.

सगळं एकदम बंद करावं का, तर माझं मत नाही असं आहे. कर्जात असता तर मी हो म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत बंदी घातली तर दोन महिने पाळाल, त्या दोन महिन्यांत विशलिस्ट लांबलचक होईल आणि मग एका रात्रीत तीन गोष्टी येतील. त्यापेक्षा घेण्याच्या आधीचा काळ लांबवा. मनात भरलेली वस्तू वहीत लिहायची, तारीख घालायची आणि शेजारी एकच ओळ, माझं कोणतं काम आत्ता अडलंय. "बॅटरी जास्त आहे" हे काम नव्हे, "संध्याकाळी घरी पोचेपर्यंत घड्याळ बंद पडतं आणि मला चाललेलं अंतर मोजायचं असतं" हे काम झालं. महिनाभराने ती ओळ पुन्हा वाचायची. तोवर काम तसंच अडलेलं असेल तर घ्या, निवांत मनाने घ्या. बहुतेक वेळा त्या महिन्यात किंमत तरी उतरते नाहीतर तुमचा उत्साह तरी.

आणि हा महिना रिकामा घालवू नका, तुमची जी खरी आवड आहे ती इथेच वापरा. जाहिरातीतला आकडा आणि वस्तूचं प्रत्यक्ष काम यात काय अंतर आहे ते शोधा, तुम्ही आकड्यांचे माणूस आहात, तुम्हाला यात मजा येईल. पॉवर बँकेचंच घ्या. खोक्यावर 10,000 एमएएच (मिलिॲम्पिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं असतं, ते आतल्या सेलच्या साधारण 3.7 व्होल्टवर मोजलेलं असतं, म्हणजे 37 वॉट-तास. बाहेर यूएसबीतून वीज 5 व्होल्टने निघते, 37 ला 5 ने भागलं की 7,400, त्यात व्होल्ट बदलताना काही वीज उष्णतेत जाते, म्हणून हातात येतं साधारण 6,000 ते 6,500. हे खोट्या मालाबद्दल सांगत नाहीये, चांगल्या मालाचंही हेच असतं, आणि बरेचदा खोक्यावर बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी म्हणून छापलेलं पण असतं. किंवा कॅमेरा, 200 मेगापिक्सेलचा फोन नेहमीचा फोटो काढताना सहसा शेजारशेजारचे 16 पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि कमी उजेडात ते बरंच असतं. यूएसबी-सी केबल सगळ्या दिसायला सारख्या, पण एक 480 मेगाबिट वेगाने डेटा नेते आणि दुसरी 40 गिगाबिटने, एक 60 वॉटपर्यंत चार्ज करते आणि दुसरी 240 पर्यंत, त्यामुळे "चार्जर नवीन घेतला तरी फोन हळूच चार्ज होतो" याचं कारण पुष्कळदा ड्रॉवरमधली जुनी केबल असते. घड्याळ झोपेचे टप्पे दाखवतं, गाढ झोप एवढी, स्वप्नांची झोप तेवढी. प्रयोगशाळेत हे टप्पे मेंदूच्या लहरी मोजून ठरवतात आणि मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो इतपत ते उपयोगी आहे. त्यापुढच्या आकड्यांपायी नवीन मॉडेल घ्यायची गरज नाही, आणि तब्येतीची शंका असेल तर डॉक्टर.

रिव्ह्यूंचं पण सांगते. तुम्ही रात्री जे बघता ते बहुतेक पहिल्या आठवड्यातले रिव्ह्यू असतात, बऱ्याच जणांना वस्तू कंपनीकडूनच आलेली असते, आणि पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळंच छान चालतं. बिघडायचं ते नंतर बिघडतं. इअरबड्समधली बॅटरी इतकी लहान असते की रोजच्या वापराने दोन-तीन वर्षांत ती बसते आणि बहुतेक मॉडेलमध्ये बदलताच येत नाही. म्हणून वर्षभर वापरून लिहिलेले अनुभव शोधा. आणि ते सापडत नसतील तर तुम्ही लिहा ना! ऑफिसातले लोक तुम्हाला विचारतातच, तुमच्याकडे दोन घड्याळं आहेत, कीबोर्ड आहे, ई-रीडर आहे, वर्षभराने यातलं काय टिकलं, कशाचा पट्टा तुटला, कशाला अपडेट येणं थांबलं, हे प्रामाणिकपणे लिहिणारं माणूस लोकांना हवंच असतं. दुसऱ्याला त्याच्या गरजेप्रमाणे वस्तू निवडून द्यायची यात जेवढा अभ्यास लागतो तेवढाच स्वतःसाठी घेताना लागतो, आणि खिशातून काही जात नाही. तुम्हीच म्हणता सहकाऱ्याला हेडफोन निवडून दिले तेव्हा खूप बरं वाटलं होतं.

अजून एक गोष्ट जी गॅजेट घेणाऱ्या प्रत्येकाने बघावी असं मला कळकळीने वाटतं ती म्हणजे ही वस्तू कोणाच्या भरवशावर चालते. ह्युमेन कंपनीची एआय पिन 2024 मध्ये मोठ्या गाजावाजाने आली, कपड्याला लावायची, फोनची गरजच राहणार नाही वगैरे, आणि 28 फेब्रुवारी 2025 ला तिचे सर्व्हर बंद झाले. ज्यांनी घेतली होती त्यांच्या हातात जवळजवळ नुसता तुकडा उरला, बिघाड काहीच नसताना. तेव्हा बल्ब असो, कॅमेरा असो, इंटरनेट गेलं किंवा कंपनीने ॲप बंद केलं तर ही वस्तू किती चालेल हे आधी विचारायचं. साधा कीबोर्ड वीस वर्षं चालू शकतो तो याच कारणाने. फोनच्या बाबतीत अपडेट किती वर्षं मिळणार ते बघा. गूगलने 2023 च्या पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने 2024 च्या गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय, त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत अँड्रॉइडवर दोन-तीन वर्षं म्हणजे पुष्कळ असं होतं. म्हणजे चांगला फोन आता पूर्वीपेक्षा जास्त काळ वापरता येतो, मधे एकदा बॅटरी बदलायची. लिथियम-आयनची बॅटरी साधारण 500 ते 1,000 वेळा पूर्ण चार्ज झाली की मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपास येते, लोकांना वाटतं फोनच म्हातारा झाला. ज्या माणसाने लॅपटॉपची डिस्क बदललीये त्याला हे वेगळं सांगायला नको, फक्त फोन आतून चिकटवलेला असतो म्हणून हे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

आता ड्रॉवर. बायकोबरोबर बसाल तेव्हाच वाटणी करून टाका, वापरतो ते बाहेर टेबलावर, बाकीचं घराबाहेर. ॲक्शन कॅमेरा विका, पहिलं घड्याळ कोणाला तरी द्या. गॅजेटची किंमत ड्रॉवरमध्ये पडून दर महिन्याला उतरते, त्यामुळे "कधीतरी लागेल" चा हिशेब बसत नाही. देण्याआधी आपल्या अकाउंटमधून वस्तू काढायची आणि मग फॅक्टरी रीसेट, नुसतं रीसेट केलं तर काही घड्याळं आणि फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतात आणि नवीन माणसाच्या काहीच कामाचे राहत नाहीत. ठेवायचंच असेल तर बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवा, शंभर टक्के भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवली की ती लवकर खराब होते. फुगलेली पॉवर बँक दिसली तर ती चार्ज करून बघायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात तर टाकायचीच नाही, आग लागते, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगभरात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. हे तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाहीये, तुमच्या ऑफिसात तुमचं ऐकतात म्हणून सांगतेय, वर्षातून एकदा सगळ्यांच्या जुन्या केबल, बॅटऱ्या गोळा करून नीट जागी पोचवायचं काम तुम्ही अंगावर घ्या.

रात्रीच्या रिव्ह्यूंबद्दल फार काही म्हणायचं नाही, बेडरूममध्ये ते बघायचं बंद करा, दिवसा बघा. थकलेल्या डोक्याने घेतलेली वस्तू सकाळी नको वाटते.

राहिला घडीचा फोन. तुमच्या पत्रात त्याच्यावाचून कोणतं काम अडलंय ते मला सापडलं नाही, मोठा पडदा वाचायला बरा असं लिहिलंय, पण वाचायला तुमच्याकडे ई-रीडर आहे आणि त्याचा पडदा डोळ्यांना जास्त सोसतो. या फोनचा आतला पडदा नेहमीच्या काचेपेक्षा नाजूक असतो, वर प्लास्टिकचा थर असतो, नखाचा ओरखडा उठू शकतो, आणि तो बदलायचा खर्च साध्या फोनच्या पडद्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. बिजागरी 2019 च्या सुमाराच्या सुरुवातीच्या फोनपेक्षा आता खूप सुधारलीये हे खरं, मधली घडी पण कमी दिसते. तेव्हा आज घेऊ नका. वहीत तारीख घालून लिहा, ओळखीत कोणाकडे असेल तर एक दुपार मागून वापरा, एका हाताने, खिशात ठेवून, उन्हात. पुढच्या महिन्यात बायकोसमोर तीच ओळ वाचून दाखवता आली आणि ठरवलेल्या रकमेत बसत असेल, बहुतेक काही महिने साठवावी लागेल, तर घ्या, पण आतल्या पडद्याची दुरुस्ती वॉरंटीत किती धरलीये आणि जुना फोन बदल्यात किती उतरतो हे दोन्ही लेखी विचारून मगच.